गोव्यातच राहून चित्रकार आणि क्युरेटर व्हायचं असेल, तर अनुदान कुठं आणि कशासाठी मागायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २७, गोवा कला महाविद्यालयातून पेंटिंगमध्ये बीएफए, घर डिचोली तालुक्यात, शाळेत लेक्चर बेसिसवर चित्रकला शिकवता. दोन गटप्रदर्शनांत कामं लागली, त्यातलं एक मित्रांना जमवून तुम्हीच मांडलं होतं आणि तेव्हापासून क्युरेशनची, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन मांडण्याची, गोडी लागली. आता विचारताय की कुठली स्कॉलरशिप, कुठलं अनुदान मिळेल, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावीच लागेल का, आणि स्वतःची संस्था काढावी का. शेवटी जाता जाता एक तक्रार आहे: मामांची चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याची जागा आहे, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे महिने तिथंच जातात, स्वतःच्या कामाला वेळ उरत नाही. या शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, पण आधी पैशाचं बघू.

मी फोंड्यात राहते, बरीच वर्षं प्रदर्शनं उभी करण्याचंच काम करते आणि मधूनमधून निवड समितीवर बसून इतरांचे अर्ज वाचते. त्या वाचनातून एक गोष्ट पक्की दिसते. बहुतेक अर्ज नाकारले जातात ते काम वाईट म्हणून नव्हे. चुकीच्या दारात चुकीची वस्तू मागितलेली असते. योजनांच्या याद्या कुणालाही मिळतात. पण कुठला पैसा कशासाठी आहे हे न बघता तोच अर्ज सगळीकडे पाठवला जातो. काही पैसा माणसाला मिळतो, काही एखाद्या ठरावीक कामाला, काही नुसता वेळ आणि जागा देतो, आणि काही फक्त नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. तुम्हाला आज यातलं काय हवंय? प्रश्न वाचून मला वाटतं, तुम्हाला वेळ हवाय. तुम्ही मागताय मात्र ‘स्कॉलरशिप’.

सरकारी वाटेपासून सुरुवात करू, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयापर्यंत आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तुमचं वय उलटलं, ती सोडा. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला मात्र आवर्जून सांगा. तुमच्यासाठी आहे ती ज्युनिअर फेलोशिप: वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, मुदत दोन वर्षं. चाळिशीनंतरच्यांसाठी सीनिअर फेलोशिप, तिथं महिना २०,०००. दोन्हींचं काम दिल्लीतल्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत चालतं आणि पैसे सहामाही हप्त्यांनी येतात. हा पैसा माणसाच्या नावावर असला तरी तो एका संशोधनाच्या विषयासाठी असतो, हे अर्जदार विसरतात. ‘मला दोन वर्षं चित्रं काढायची आहेत’ हा विषय होत नाही. दृश्यकलेबरोबर लोककला, पारंपरिक कला, कलेचं आणि वारशाचं व्यवस्थापन असे विषयही यात बसतात, आणि क्युरेशनकडे वळणाऱ्याला ते सोयीचं आहे.

दहा हजारांत घर चालत नाही, हे मलाही कळतं. त्याकडे पगार म्हणून बघूच नका. शाळेचे तास सांभाळून दोन वर्षं एका विषयाला चिकटून राहण्याची ती शिस्त आहे, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तिचा उल्लेख उपयोगी पडतो. आणि हप्त्याच्या भरवशावर गाडीचं कर्ज काढू नका. सरकारी पैसा येतो, पण त्याच्या वेळेने येतो.

राज्यात कला आणि संस्कृती संचालनालय आहे, पणजीत पाटोच्या संस्कृती भवनात. तिथल्या योजना नीट वेगळ्या करून बघा. ‘कला सन्मान’ ही ज्येष्ठ, गरजू कलाकारांसाठीची मदत आहे. ती तुमच्यासाठी नाही, मामांसाठी असू शकेल, चौकशी करा. ‘युवा सृजन’सारखे पुरस्कार तरुणांसाठी आहेत. सांस्कृतिक कार्यक्रमांची अनुदानं मुख्यतः नोंदणीकृत संस्थांना मिळतात. राज्याच्या योजनांना रहिवासी दाखला लागतोच, तो हाताशी असू द्या. ऐन शेवटच्या आठवड्यात मामलेदार कचेरीच्या फेऱ्या नकोत. कला अकादमीच्या राज्य कला प्रदर्शनालाही कामं पाठवत राहा. पैसे फारसे नाहीत, पण राज्यपातळीची नोंद बायोडेटात लागते आणि परीक्षक बाहेरचे असले तर चार अनोळखी डोळ्यांखालून काम जातं.

मुंबईबद्दलही लगेच सांगून टाकते. मुंबईत राहायला जायची गरज नाही. मुंबईत काम जायला हवं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून. दोघांच्या वार्षिक प्रदर्शनांना तुम्ही डिचोलीत बसून काम पाठवू शकता. दिल्लीच्या ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनाचंही तेच. भाड्याच्या खोलीत अर्धा पगार घालवून, लोकलमध्ये लोंबकळून संध्याकाळी चित्र काढायला अंगात त्राण उरत नाही, हे मी अनेकांचं बघितलंय. आपल्या मागच्या पिढ्यांना जावं लागलं, कारण इथं काही नव्हतं. चित्रकार त्रिंदाद गेले, सूझा गेले. पण लक्ष्मण पै पॅरिसहून परत आले आणि १९७७ पासून दहा वर्षं आल्तिनोवरच्या आपल्याच गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आज तर उलटी वाहतूक आहे, मुंबई-दिल्लीचे कलाकार आसगाव-आल्दोण्यात घरं शोधताहेत. तुम्ही इथंच जन्मलात, ते भांडवल भाड्याने घालवू नका.

आता खाजगी आणि परदेशी पैसा. इथं मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण क्युरेटर म्हणून तुमची वाट बहुधा इथूनच निघेल.

बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून अनुदानं देते. कलासंशोधन, कलानिर्मिती, कलाशिक्षण, संग्रहालयं आणि दस्तऐवज असे तिचे वेगवेगळे कार्यक्रम आहेत. आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे तिथं अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत करता येतो. मराठीत लिहा. खरंच लिहा. आपल्या मुलांचे इंग्रजी अर्ज वाचताना मला कुणीतरी भाड्याचा कोट घालून आल्यासारखं वाटतं. तोच मुलगा मराठीत किंवा कोंकणीत बोलायला लागला की विषय लख्ख समोर येतो.

दिल्लीची खोज ही संस्था १९९७ पासून आहे, खिडकी गावात. तिथल्या रेसिडेन्सी, म्हणजे ठरावीक काळ राहून काम करायची सोय, तरुण कलाकारांसाठी असतातच, शिवाय दक्षिण आशियातल्या नव्या क्युरेटरांसाठी तिनं गोएथे इन्स्टिट्यूटबरोबर प्रशिक्षण चालवलंय. फिका, म्हणजे फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट, २००७ पासून उदयोन्मुख कलाकारांना आणि सार्वजनिक जागांतल्या कलेला पाठबळ देते. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनचे फाइन आर्ट पुरस्कार तरुणांसाठी आहेत. इंग्लंडला थोड्या काळासाठी जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, स्वित्झर्लंडच्या रेसिडेन्सीसाठी प्रो हेल्वेशियाचं दिल्ली कार्यालय. अॅम्स्टरडॅमच्या प्रिन्स क्लाउस फंडाचा सीड पुरस्कार ५,००० युरोंचा आहे, कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांतल्या कलाकारांसाठी, आणि तो कशावर खर्च करायचा यावर बंधन नाही. मात्र तिथं समाजाशी थेट भिडणारं काम बघितलं जातं; निसर्गचित्रांची मालिका पाठवून काही होणार नाही. या सगळ्यांच्या अटी आणि तारखा दरवर्षी हलतात, तेव्हा अर्जाआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची सूचना वाचायची. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ नाही.

केरळकडेही लक्ष ठेवा. कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे ठरावीक वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, २०१२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या सोबतची स्टुडंट्स बिएनाले २०१४ पासून आहे. देशभरच्या सरकारी कला महाविद्यालयांतल्या मुलांची कामं निवडायला तिथं तरुण क्युरेटर नेमले जातात. तुमच्या वयाच्या माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही. आणि एक आपल्या गावची गोष्ट: बिएनालेच्या सहाव्या आवृत्तीचं क्युरेशन कलाकार निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेसकडे दिलं गेलं. कलाकारांनीच चालवलेली, परफॉर्मन्सवर भर देणारी जागा आहे ती. दिल्लीत ऑफिस थाटल्याशिवाय मोठी कामं मिळत नाहीत असं जे म्हणतात, त्यांना हे सांगा.

गोव्यातल्या गोव्यात काय? डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून. त्यात तुमचं चित्र लागणार का, याचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. तिथं प्रॉडक्शनमध्ये काम मिळवा. जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीसारख्या ठिकाणी एक प्रदर्शन उभं राहतं म्हणजे काय होतं ते आतून बघा: भिंतीला खिळा मारायची परवानगी नसते, विजेचा लोड पुरत नाही, प्रोजेक्टर तापतो, दिल्लीहून आलेली पेटी उघडल्यावर काच तडकलेली निघते आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आलं याची नोंद, कुणीच भरलेला नसतो. क्युरेशन म्हणजे भिंतीवरचा सुंदर मजकूर एवढीच कल्पना असेल तर ती तिथं पार धुऊन निघते. हात चालणारी, यादी ठेवणारी, सुताराशी नीट बोलणारी माणसं या धंद्यात कायम कमी असतात. इंग्रजी छान लिहिणारी माणसं मात्र हवी तितकी आहेत.

बाकी आल्तिनोवरचं सुनापरांत, पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा, फोंतइन्हशमधलं फुंदासांव ओरिएंत, जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कला संग्रहालय, बाणावलीचं गोवा चित्र ही कलाकेंद्रं आणि संग्रहालयं तुम्हाला ठाऊक असतीलच. प्रेक्षक म्हणून गेलात तेवढं पुरे. आता त्यांच्याकडे कामाची चौकशी करायला जा. संग्रहालयात नोंदणीचं, लेबलं लिहिण्याचं, शाळांच्या सहली फिरवण्याचं काम सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. पण कागदावरचं काम आपल्या पावसाळ्यात कसं टिकवायचं हे तिथंच कळतं. जूनमध्ये काचेआड दिसणारा तो पिवळसर ठिपका बुरशीचा आहे, रंगाचा नाही, हे ओळखणारा क्युरेटर गोव्यात हवाच. रीतसर शिक्षण घ्यायचं ठरवलंत तर बडोद्याचा म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग देशात जुना आणि नावाजलेला आहे. पण ती दोन वर्षांची आणि घर सोडण्याची गोष्ट आहे; आधी एक-दोन वर्षं इथं काम करून बघा, मग ठरवा.

तर इथवरचं थोडक्यात: ज्युनिअर फेलोशिप आणि इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे दोन अर्ज तुमच्या आजच्या स्थितीला बसतात; रेसिडेन्सी पुढच्या टप्प्यावर; आणि डिसेंबरातलं प्रॉडक्शनचं काम या वर्षीच. आता विषय काय घ्यायचा.

विषय तुमच्या घरात आहे. मामांच्या चित्रशाळेला तुम्ही वेळ खाणारी अडचण म्हणताय. निवड समितीतल्या बाहेरच्या माणसाला ती जागा म्हणजे खजिना आहे, आणि तिथं शिरायचा हक्क फक्त तुमच्याकडे आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आपल्याकडे घराघरातला लाकडी पाट चवथीच्या कितीतरी आधी चित्रशाळेत नेऊन देतात, त्यावर खडूने घराण्याचं नाव असतं, आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. कितीतरी घरांत मूर्ती दरवर्षी तशीच हवी असते, तीच बैठक, तोच पीतांबर, सोंड त्याच बाजूला. ती कशी, हे मूर्तिकाराच्या डोक्यात असतं किंवा एका वहीत. तुमच्या मामांकडे तशी वही असणारच. कुठल्या घराची मूर्ती किती उंच, उंदीर कुठं, रंग कुठला, पैसे दिले की बाकी. अशी वही म्हणजे एका तालुक्यातल्या घरांच्या डोळ्यांची नोंद आहे. कला महाविद्यालयात जे शिकलात ते वापरून ही वही वाचणारी माणसं किती असतील?

हा विषय अर्जात कसा लिहायचा, ते बघा. नव्वद टक्के लोक असं लिहितील:

‘गोव्याला समृद्ध मूर्तिकलेची थोर परंपरा लाभली असून आधुनिकीकरणाच्या रेट्यात ती लोप पावत चालली आहे. या परंपरेचे जतन व संवर्धन करणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत प्रकल्पातून नव्या पिढीसमोर हा ठेवा आणण्याचा मानस आहे.’

यात एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्यात माहिती नाही. परीक्षकाने असले परिच्छेद त्या दिवशी सकाळपासून वाचलेले असतात. तुम्ही असं लिहा:

‘डिचोली तालुक्यातल्या आमच्या चित्रशाळेत प्रत्येक घराचा पाट वेगळा आणि मूर्तीचा घाट ठरलेला. तो घाट माझ्या मामांच्या वहीत शब्दांत लिहिलेला आहे, चित्रात नाही. मला या वहीतल्या नोंदींवरून मूर्तींची रेखाटनं करायची आहेत, ती त्या त्या घरी नेऊन दाखवायची आहेत आणि घरच्यांना काय आठवतं ते ध्वनिमुद्रित करायचं आहे. शेवटी वही, रेखाटनं, पाट आणि आवाज असं एकत्र प्रदर्शन चित्रशाळेतच, ती चवथीनंतर रिकामी असते तेव्हा, आठ दिवस भरवायचं आहे.’

दुसऱ्यात चित्रकारही आहे आणि क्युरेटरही. तुमचे दोन्ही प्रश्न एका विषयात सुटतात. शिवाय चवथीच्या आधीचे जे महिने तुम्ही वाया गेले म्हणून मोजता, ते संशोधनाचे महिने होतात. गोव्यात प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आहे, मातीच्या मूर्तिकारांना सरकारी अनुदान आहे, बाहेरून येणाऱ्या मूर्तींशी स्पर्धा आहे. हा सगळा संदर्भ दोन वाक्यांत येऊ द्या, पण त्याचा निबंध करू नका. आणि मामांना आधी विचारा. वही त्यांची आहे. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथंच थांबतो. घरचा माणूस म्हणून परवानगी गृहीत धरणारे अर्ज मला आवडत नाहीत, आणि आजकाल बऱ्याच संस्था लेखी संमती मागतातही.

यानंतर बजेट. इथं आपली माणसं संकोचाने मरतात. समजा सहा महिन्यांचं काम आहे. तुमचं स्वतःचं मानधन महिना २५,००० प्रमाणे १,५०,०००. मामांसह आठ मूर्तिकारांना मुलाखतीचं मानधन प्रत्येकी ५,००० म्हणजे ४०,०००. फोटोग्राफर ४५,०००. ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढायला २०,०००. प्रवास, पेट्रोलसकट, २४,०००. प्रदर्शनाची उभारणी, प्रिंट, दिवे, ६०,०००. झाले ३,३९,०००. त्यावर पाच टक्के अडीअडचणीसाठी, साधारण १७,०००. एकूण ३,५६,०००. आकडे मी अंदाजाने घेतलेत, तुम्ही दर विचारून भरा. पण ओळी याच ठेवा.

पहिली ओळ बघून तुम्हाला लाज वाटेल. ‘माझं मानधन शून्य, मी कलेच्या प्रेमापोटी करतोय’ असं लिहिलं की अर्ज उदात्त दिसतो, असा समज आहे. समितीत बसणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस तिसऱ्या महिन्यात ट्यूशन घ्यायला पळणार आणि काम अर्धवट राहणार. काही योजना स्वतःचं मानधन चालवून घेत नाहीत, तसं त्यांनी नियमांत लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर मागा. आणि मूर्तिकारांचं मानधन कधीही कापू नका. ज्यांच्या जिवावर प्रकल्प उभा आहे त्यांना चहा पाजून परत पाठवायचं आणि फोटोग्राफरला बिल द्यायचं, ही आपल्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. मला तिचा राग येतो, म्हणून एवढं बोलले.

संस्था काढावी का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. सोसायटी नोंदवायला सात सभासद लागतात, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, बैठकींची इतिवृत्तं. करसवलतीच्या नोंदणीची कागदपत्रं वेगळी. तुम्ही चित्रं काढायचं सोडून सचिव व्हाल. पण संस्थेचं महत्त्व कुठं आहे ते माहीत असू द्या. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, वारसा आणि पारंपरिक हस्तकला यांवरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरला जातो. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के असे खर्चावे लागतात. गोव्यात अशा कंपन्या आहेत. पण कंपनी हा पैसा तुमच्यासारख्या एकट्या कलाकाराच्या खात्यात टाकत नाही. सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था मध्ये लागते. म्हणून आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेशी हातमिळवणी करा, आणि तिनं व्यवस्थापनाचे किती टक्के घ्यायचे ते लेखी ठरवा. परदेशी पैशाला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. तुम्हाला स्वतःला परदेशातून काही मिळणार असेल तर होकार कळवण्याआधी सीएकडे जा, पैसे आल्यावर नाही.

पैशांच्या कागदाबद्दल आणखी एक. मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच वळता केलेला कर, कापला जातो. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, तो परत मिळतो. कितीतरी कलाकार हे पैसे सरकारकडेच सोडून देतात.

अनुदानं नसतात तेव्हा गोव्यातला कलाकार कशावर जगतो? हॉटेलं, व्हिला, रेस्टॉरंटच्या भिंती. त्यात कमीपणा काही नाही, उलट त्या भिंतींनीच अनेकांचे कॅनव्हास विकत घेतलेत. फक्त करार वाचा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या चित्राचा पहिला कॉपीराइट मालक चित्र काढायला सांगणारा ठरतो. म्हणजे तुमचं भित्तिचित्र उद्या कॉफीमग, टी-शर्ट, पिशव्यांवर छापलं गेलं तर हात चोळत बसायचं. ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, मालकाला फक्त या जागेत दाखवण्याचा हक्क’ अशी एक ओळ कोटेशनमध्येच टाका. बहुतेक मालक काही म्हणत नाहीत, कारण त्यांनी तो विचारच केलेला नसतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या, बाकीचे रंग वाळायच्या आत.

शाळेची नोकरी सोडावी का? नाही. लेक्चर बेसिसचे पैसे तुटपुंजे असतात आणि सुट्टीत थांबतात हे खरं. पण तासांमधली मोकळीक तुमच्या उपयोगाची आहे. फेलोशिप आणि एक प्रकल्प अनुदान, दोन्ही हातात पडली की मुख्याध्यापकांशी तास कमी करण्याचं बोला. त्याआधी राजीनामा दिलात तर हातात येईल ती भिंत रंगवावी लागेल, आणि चित्रशाळेची वही तशीच पडून राहील.

कामाचा क्रम मी असा लावेन. आधी मामांची परवानगी. मग वहीच्या पानांचे मोबाइलवर चांगल्या उजेडात फोटो. पावसाळ्याआधी, कारण कागद ओल धरतो. मग वरच्या दुसऱ्या नमुन्यासारखं एक पान लिहा आणि कलाक्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. त्यांना प्रदर्शन डोळ्यांसमोर दिसलं तर ठीक, ‘छान आहे’ म्हणाले तर परत लिहा. शिफारसपत्रं मोठ्या नावाच्या माणसाकडून घेऊ नका. ज्या प्राध्यापकांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्याकडून घ्या, आणि त्यांना किमान पंधरा दिवस द्या. पोर्टफोलिओत बारा-पंधरा कामं पुरेत, त्यातली निम्मी गेल्या दोन वर्षांतली. मित्रांसोबत मांडलेल्या प्रदर्शनाचे जागेचे फोटो टाका, नुसत्या चित्रांचे नको. क्युरेटर म्हणून तुमच्याकडे आज तेवढाच पुरावा आहे, आणि तो पुरेसा आहे.

नकार आला तर कारण विचारणारा चार ओळींचा ईमेल पाठवा. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्या उत्तरावर पुढचा अर्ज उभा राहतो. त्या एका पानाचा पहिला मसुदा झाला की इथंच टाका, बजेटसकट. मी वाचेन, आणि बोचेल असंच लिहीन.